नारळ मी फोडला नव्हता

सिरसाळ्याच्या आडतीवर पंचवीस वर्षं मी लिलाव पुकारतोय. माझा आवाज असा, की मी इथं सोयाबीनचा भाव पुकारला की तिकडं तेलगावच्या फाट्यावरची माणसं पिशव्या झटकून उभी राहतात. एकदा तर माझ्या आवाजानं काट्यावरचं पोतं दोन किलोनं हललं होतं. बायको म्हणते, तेलगाव-बिलगाव काही नाही, जेमतेम बसस्टँडपर्यंत जातो. ती माझ्या प्रत्येक गोष्टीला अशी कात्री लावते. तिच्या कात्रीचं मी त्या मशीनच्या आधी ऐकलं असतं, तर आज हे लिहायची पाळी आली नसती.

बायको साड्यांना फॉल-पिको करायची. गावातली नवी साडी तिच्या हाताखालून गेल्याशिवाय कुणाच्या अंगावर चढत नव्हती. हेही मी वाढवून सांगतोय, पण फार नाही. वरून घरचं धुणं होतंच. आडतीवरची धूळ अशी, की माझा एक सदरा झटकला तर निघालेल्या मातीत भुईमूग पेरता यावा. असे सदरे आणि घरातल्या चौघांच्या चादरी ती वर्षानुवर्षं पिळत आली, आणि एके दिवशी तिच्या उजव्या हातातून सुई गळून पडली.

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी हात उलटासुलटा करून पाहिला. "मनगटातली शीर दबलीय. पिळणं बंद. एकदम बंद. नाहीतर हे बोट उद्या सुई ओळखणार नाही."

म्हणून वॉशिंग मशीन. तिच्याच कमाईतून, दसऱ्याच्या मुहूर्तावर, परळीच्या एका दुकानातून. भारीतली, आपोआप धुणारी, आपोआप पिळणारी. त्या दुकानाची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाचा माल टेम्पोत चढला की दुकानदार स्वतः खोक्याला झेंडूचा हार घालायचा, कुंकवानं स्वस्तिक काढायचा आणि दुकानाच्या दगडी पायरीवर नारळ फोडायचा. फोटो काढून दुकानाच्या स्टेटसला टाकायचा. आमच्या वेळीही त्यानं हेच केलं. मशीन खोक्यात, खोकं टेम्पोत, नारळ पायरीवर. आणि मी? मी रस्त्याच्या पलीकडं भज्याच्या गाड्यावर, मिरची कमी तिखट का, यावरून भांडत होतो.

हे नीट ध्यानात ठेवा. मी त्या नारळाजवळसुद्धा नव्हतो.

मशीननं संक्रांतीपर्यंत काम केलं. मधल्या तीन महिन्यांत बायकोचा हात हलका झाला. सकाळी उठल्यावर ती बोटं उघडझाप करून बघायची आणि स्वतःशीच मान हलवायची. मग एका दिवशी मशीन आतून खरखरली, गुरासारखी हंबरली आणि पोटात चादरी आणि पाणी घेऊन बंद पडली. खालून काळं पाणी गळायला लागलं. कंपनीला तक्रार केली, तर आज येतो, उद्या येतो करत तीन आठवडे गेले. मग बॅग पाठीला लावून कंपनीचा मेकॅनिक आला.

आमच्या गल्लीत कंपनीचा माणूस येणं म्हणजे तमाशाचा फड उतरल्यासारखं. म्हातारे आले, बाया आल्या, शेजारचा गवळी म्हशीचं दूध अर्धं काढून आला. चहा झाला. मेकॅनिकनं वरच्या बटणांच्या पट्टीवर दोन टिचक्या मारल्या आणि सहज विचारलं, "काका, वरून पाणीबिणी सांडलं होतं का कधी?"

साधा प्रश्न होता. "न्हाई," एवढंच म्हणायचं होतं. पण समोर वीस माणसं उभी, आणि हा मी.

"सांडलं?" मी म्हणालो. "अरे, दसऱ्याला मी हिच्या टाळक्यावर नारळ फोडला! एका घावात दोन भकलं. एक गेलं परळीकडं, एक गेलं पाथरीकडं. आन् पाणी म्हणशील तर माजलगाव धरणाचे दरवाजे उघडल्यावानी! मशीननं आंघोळ केली आन् मगच घरात पाय ठेवला."

गल्ली खदाखदा हसली. गवळी म्हणाला, "तू काय बे, नारळात बी धरण बांधतो!" मेकॅनिकही हसला. हसता हसता त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं. मागचं झाकण उघडलं नाही, खाली वाकूनही पाहिलं नाही. "काका, इथं सही करा." मी सही केली. खाली दोन रेघा ओढल्या, आडतीवर ओढतो तशा.

आठ दिवसांनी मोबाईलवर निरोप आला. 'ग्राहकाच्या स्वतःच्या सांगण्यानुसार मशीनवर नारळ फोडल्याने पाणी आत गेले. हा बिघाड वॉरंटीत बसत नाही.' दुरुस्तीचा खर्च वेगळा पाठवला होता, तो वाचून मला वाटलं, यात आणखी थोडी भर घातली तर दुसरी मशीनच येईल.

बायकोनं निरोप दोनदा वाचला.

"तुमी नारळ फोडला?"

"अगं, ती गंमत..."

"तुमी तर भज्याच्या गाड्यावर होता."

"लोक हसले ना गं."

"मशीनला वॉरंटी हाय. तुमच्या जिभेला कोण देणार?"

एवढं बोलून ती मशीनपाशी गेली. कंपनीचा माणूस बघेल म्हणून आत तशाच ठेवलेल्या चादरी आता सडायला लागल्या होत्या. तिनं त्या एकेक बाहेर काढल्या आणि न्हाणीत बसून पिळल्या. पिळताना ती डावा हात वापरायचा प्रयत्न करत होती, पण एका हातानं चादर पिळता येत नाही. मी दारात उभा होतो.

मग मी कोपऱ्यावरच्या चाचांना बोलावलं. चाचा म्हणजे कूलर, मोटारी, पंप, काहीही दुरुस्त करणारे आमच्या बाजारपेठेतले जुने कारागीर. त्यांनी मशीन जरा कलती केली, मोबाईलच्या उजेडात खालून पाहिलं आणि पाना परत खिशात घातला.

"ये देख भाई. पाणी वरून आलं असतं तर वर डाग पडला असता. वर सगळं पापडावानी कोरडं हाय. हे गळतंय मधून. आतलं सील फाटलंय, मोटारीवर पाणी टपकलंय. मालच खराब निघाला."

"मग खोला की चाचा!"

"न्हाई. मी हात लावला की ते म्हणतील बाहेरच्या माणसानं खोललं. जे थोडं हातात हाय तेबी जाईल." मग ते बायकोकडं वळले. "भाभी, तुमी ग्राहक आयोगात अर्ज करा, बीडला. वकील लागतोच असं न्हाई. बिल जोडा, वॉरंटीचा कागद जोडा. आन् अर्जात लिहा, की जाणकार माणसाकडनं मशीन तपासून घ्या."

"आन् मी काय करू चाचा?"

"तू? तू कुछ मत बोल भाई. लई बोललास."

तरी मी गप्प बसलो का? दोन दिवस आडतीवर गेलो नाही आणि चौदा पानांची तक्रार लिहिली. त्यात मशीन उंबरा ओलांडून रस्त्यावर चालत गेली होती, कुत्री तिच्या मागं लागली होती, तिच्या हंबरण्यानं गवळ्याच्या म्हशीचा पान्हा आटला होता, आणि कंपनीचा मालक नारायणगडाच्या पायऱ्यांवर नाक घासून माफी मागत होता. वाचताना मला स्वतःलाच रडू आलं. बायकोनं पहिलं पान वाचलं, बाकीची पालथी घातली आणि त्या चौदा पानांवर शेंगदाणे वाळत टाकले.

तिनं स्वतः एक पान लिहिलं. कधी घेतली, कधी बंद पडली, कधी कळवलं, कोण आलं, त्यानं काय उघडून पाहिलं नाही. माझ्या नवऱ्यानं नारळाबद्दल सांगितलं ते खोटं आहे. मशीन बदलून द्यावी किंवा पैसे परत द्यावेत, आणि माझ्या हाताला झालेल्या त्रासाची भरपाई मिळावी. बिल, वॉरंटी, डॉक्टरांची चिठ्ठी. आणि एक फोटो. दुकानदारानं स्टेटसला टाकलेला तो दसऱ्याचा फोटो तिनं तेव्हाच उतरवून ठेवला होता. पुढं प्रकरण उभं राहिलं तेव्हा दुकानदार म्हणाला, "वहिनी, मला तर काही आठवत नाही, आमच्याकडनं माल चांगलाच जातो." पण फोटोला सगळं आठवत होतं.

कंपनीच्या वकिलांनी तारखांवर तारखा घेतल्या. प्रत्येक तारखेला आम्ही वडवणीमार्गे बीडला. एस.टी.त ती फाईल मांडीवर धरून बसायची, दोन्ही हात त्यावर ठेवून. उजव्या हाताची दोन बोटं एव्हाना वाकडी राहायला लागली होती.

वाचणारा विचारील, मग कपडे तू कावून न्हाई धुतले रे बाबा? बरोबर आहे. मी अख्ख्या गल्लीत पुकारलं होतं की आता धुणं मीच करतो, माझ्या पिळण्यानं तर सदऱ्याचा रंगही बाहेर येतो. खरं सांगतो: आठवड्यातून एकदा, तेही दार लावून, कुणी बघू नये म्हणून. बाकीचे सहा दिवस तीच.

जबाबाच्या दिवशी कंपनीच्या वकिलानं माझ्या सहीचा कागद वर धरला. दोन रेघा लांबूनही दिसत होत्या.

"ही सही तुमची?"

"माझी."

"नारळ फोडला, पाणी आत गेलं, हे तुम्हीच सांगितलंत?"

"सांगितलं. पण ते खोटं हाय. नारळ मी फोडला नव्हता."

"म्हणजे त्या दिवशी खोटं बोललात. मग आज खरं बोलताय, हे कशावरून?"

पंचवीस वर्षं मी भाव पुकारतो. बोलीवर बोली चढवणं हा माझा धंदा. त्या प्रश्नावर मात्र मी काहीतरी पुटपुटलो. समोर आयोगाच्या खुर्चीत बसलेल्या बाई म्हणाल्या, "जरा मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही." मला! माझा आवाज ऐकू येत नाही, असं मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी म्हटलं.

मग बायको उठली आणि फोटो पुढं केला. पायरीवर नारळ आपटणारा दुकानदार. मागं टेम्पोत हार घातलेलं बंद खोकं. आणि लांब, रस्त्यापलीकडं, हातात भज्यांचा कागद घेऊन पाठमोरा मी. कुणीतरी मागं फिसकन हसलं. ती हसली नाही.

आयोगानं मशीन तपासायला तंत्रशिक्षणाचे एक मास्तर पाठवले. त्यांनी सगळ्यांसमोर मागचं झाकण उघडलं. चाचा म्हणाले होते तेच निघालं: वर कोरडं ठणठणीत, सील मुळातच सदोष. पाच मिनिटांचं काम होतं ते. पहिल्याच दिवशी तो मेकॅनिक खाली वाकला असता, आणि मी तोंड मिटलं असतं, तर पाच मिनिटांत संपलं असतं.

निकाल आमच्या बाजूनं लागला. नवी मशीन आणि वर भरपाई. पण निकालाच्या आधीच तिच्या मनगटाचं ऑपरेशन करावं लागलं होतं. अंबाजोगाईच्या त्याच डॉक्टरांनी चिडून विचारलं, "पिळणं बंद केलं होतं ना?" तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "हो. हेच धुतात सगळं." तिच्या तोंडून आलेलं एवढं एकच खोटं मला माहीत आहे. दुखणं थांबलं, पण दोन बोटांतली जाण परत आली नाही. पिकोच्या मशीनवर आता चादर टाकलेली असते. साड्या लोक सोनपेठला नेतात.

नवी मशीन आली त्या दिवशी गल्ली पुन्हा जमली. गवळी ओरडला, "हं बे, सांग की नारळाची गोष्ट!"

"नारळ दुकानदारानं पायरीवर फोडला," मी म्हणालो. "मशीन सीलमुळं गेली."

कुणी हसलं नाही. हळूहळू एकेक जण पांगला.

मशीन बसवणाऱ्यानं कागद पुढं केला. "काका, सही." मी कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि पेन तिच्या हातात दिलं. तिनं ते उजव्यातून डाव्यात घेतलं. पहिलीतल्या लेकरासारखं एकेक अक्षर काढत राहिली. नाव पुरं व्हायला लई वेळ लागला, आणि तेवढा वेळ मी कागद हलू नये म्हणून धरून होतो.