कोऱ्या ब्लँकेटमधली दादर

बहुतेक गुन्हे फाईल बंद झाली की माझ्या डोक्यातूनही जातात. रावेरचा ब्लँकेटचा गुन्हा गेला नाही. नोकरी संपली, पोलिसाची वर्दी कपाटात गेली, तरी थंडीत अंगावर पांघरूण ओढलं की तो ड्रायव्हर डोळ्यांसमोर उभा राहतोच.

समुद्रापलीकडच्या एका देशात मोठा भूकंप झाला होता. ऐन बर्फात माणसं उघड्यावर पडली होती. मदतीचं काम पाहणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था आपल्याकडूनही ब्लँकेटं पाठवणार होती. त्यांची समन्वयक म्हणून एक तरुण बाई रावेरला आली. मंदिराच्या सभामंडपात तिने गावाला स्पष्ट सांगितलं, "जुने कपडे नकोत, औषधं नकोत, खाण्याचं तर काहीच नको. आधीच्या एका संकटात लोकांनी पाठवलेल्या साड्या विमानतळावर सडल्या. तिथे जे मागितलंय तेच द्या. कोरी, जाड ब्लँकेटं." मला बाई आवडली. मदत करायची म्हणजे मनाला येईल ते गाडीत कोंबायचं, असं समजणारे भरपूर पाहिलेत मी.

केळीवाल्यांचं गाव. एकदा मनावर घेतलं की मागे हटत नाही. बाईने दाखवलेल्या नमुन्याची ब्लँकेटं गावाने एकाच मिलमधून घाऊक मागवली. गावच्या एक वयस्क शेतकरी बाई, सगळे त्यांना अक्का म्हणत, त्यांनी बायका जमवून घड्या घातल्या. ट्रक भरला आणि संस्थेने नेमलेल्या पारोळ्याच्या एका ठेकेदाराच्या गोदामाकडे निघाला. तिथे माल खोक्यांत भरून पुढे बंदरावर जायचा होता.

ठेकेदार म्हणाला, ट्रक आलाच नाही.

गावाने तक्रार दिली, आम्ही गुन्हा नोंदवला. ट्रकचा ड्रायव्हर पिंपळनेरकडचा. माल पोचल्याचा कसलाही पुरावा त्याच्याकडे नव्हता. केळीच्या धंद्यात शेठ 'हो' म्हणाला की ड्रायव्हर पावती न मागताच गाडी वळवतो, ही तिथली रीत. त्याला पिंपळनेरला त्याच्या घरासमोरून उचललं. बाजाराचा दिवस होता, अख्खा रस्ता बघत होता. कायद्याने अटक बरोबर होती. कोर्टाने पोलीस कोठडी दिली.

लगेच टीप आली. पारोळ्याहून एकाने फोन केला, "साहेब, तुमच्या ड्रायव्हरने ब्लँकेटं पिंपळनेरच्या बाजारात फुंकली." आता टीप देणाऱ्याबद्दल माझा एक नियम आहे. टीप काय आहे ते नंतर, आधी ती देण्यात त्याचा काय फायदा ते बघायचं. फुकट टीप फक्त सासू देते, तीसुद्धा सुनेची. हवालदाराला साध्या वेषात पिंपळनेरला पाठवलं. ट्रकभर ब्लँकेटं एवढ्याशा गावात विकली असती, तर दोन-चार खाटांवर तरी दिसली असती. हवालदार परत आला तो हात हलवत.

मग मी ड्रायव्हरला समोर बसवलं. चहा दिला. मारझोडीने कबुली मिळते, माल मिळत नाही, हे मी नव्या पोरांना कायम सांगत आलो. खोटं बोलणाऱ्याची गोष्ट पाठ असते; मधूनच विचारलं की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. म्हणून मी मधूनच विचारायचो. गोदामाच्या दाराशी काय होतं? हमाल किती होते? तू कुठे थांबलास?

"साहेब, हमालेसले जेवाले धाडी दिधं व्हतं. मुनीम नि दोन अनोळखी गडी, त्यासनीच माल उतारा. बठ्ठा माल पारोळाले उतारी दिधा. मन्हा पोऱ्यासनी आन शे!"

कुठूनही विचारा, उत्तर तेच: हमाल जेवायला धाडलेले, सगळा माल पारोळ्याला उतरवला, पोरांची शपथ; आणि शब्द दर वेळी वेगळे. मला खात्री पटली, हा खरं बोलतोय. पण माझी खात्री कोर्टात चालत नाही. कोर्टाला मुद्देमाल लागतो, आणि मुद्देमालाला ओळख लागते. तक्रार घेतानाच मी अक्कांना विचारलं होतं, "मालावर तुमची काही खूण?" अक्का म्हणाल्या होत्या, "नाही भाऊ, कोरा माल, खूण कसली?" कोरं ब्लँकेट दुसऱ्या कोऱ्या ब्लँकेटसारखंच दिसतं. तिथेच माझं घोडं अडलं होतं. ड्रायव्हरची बायको रोज ठाण्याच्या पायरीशी येऊन बसायची. काही मागायची नाही, रडायचीही नाही. तिच्याकडे बघून ठाण्यात शिरणं जड जायचं.

अशात समन्वयक बाईचा फोन आला. चांगलीच भडकली होती.

"साहेब, आमचा कंटेनर बंदरावर अडकलाय. ठेकेदाराने दिलेल्या नव्या ब्लँकेटांमध्ये धान्य सापडलं! तिथल्या देशात बाहेरचं बी-बियाणं चालत नाही. कीड गेली तर त्यांच्या शेतीचं वाटोळं होईल. ठेकेदार म्हणतो, तुमच्या जळगाव जिल्ह्यातच कोणीतरी छेडछाड केली."

"ही ब्लँकेटं गावाने दिलेली की ठेकेदाराची?" मी विचारलं.

"ठेकेदाराची. निरनिराळ्या देशांतून आलेल्या निधीतून आम्ही त्याच्याकडून खरेदी केलेली, त्याच नमुन्याची. गावाची वेगळी धरली होती. दोन्ही मिळून घरटी दोन, असं वाटप ठरलंय. तुमचा ट्रक पोचला नाही, म्हणजे अर्धं पांघरूण कमी पडणार. बर्फात, साहेब!"

मी फोटो मागवले. मोबाईलवर फोटो उघडला आणि खुर्चीतून उठलोच. आतल्या घडीच्या कोपऱ्यात चिमूटभर दाण्यांची पुरचुंडी, हळदीच्या पिवळ्या दोऱ्याने दोन टाके घालून शिवलेली. पांढरे, टपोरे दाणे. दादर ज्वारी! माझी आई लेकीबाळींना कोरं लुगडं देताना त्याच्या कोपऱ्यात हेच बांधायची. कोरं कापड रिकामं द्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत.

जीप काढली, थेट अक्कांच्या ओसरीवर. फोटो पुढे धरला.

अक्कांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला आणि पिवळ्या दोऱ्यावर बोट ठेवलं.

"भाऊ, चुकलंच माह्यं. त्या बाईनं बजावून सांगतलं व्हतं, खाण्याचं काही टाकू नका. म्या मान हलवली. पन बाया म्हने, अक्का, थंडीनं मरता माणूस, त्याले कोरं कापड रिकामं कसं द्याव? म्या म्हटलं, टाका गं, दोन दान्यानं कोनाचं काय जाते!"

"मग मी खूण विचारली तेव्हा का नाही सांगितलंत?"

"मले वाटलं, नियम मोडला म्हनून गावाचा मालच नाकारतीन."

माझा पारा चढला. "अक्का, तुमच्या त्या एका 'नाही'पायी एक निरपराध माणूस आत बसलाय! त्याची बायको माझ्या पायरीवर बसलीये!" वयाने मोठ्या बाईवर मी ओरडलो, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. अक्का पदरात तोंड घालून रडल्या. मग डोळे पुसून स्वतःच म्हणाल्या, "चाल भाऊ, जिथं सांगशीन तिथं जबाब देते."

ठेकेदाराला ठाण्यात बोलावलं. आला तोच ऐटीत, बसल्या बसल्या आमच्याच शिपायाला चहा सांगितला. मी त्याला भरपूर बोलू दिलं. बढाई मारणाऱ्याला अडवू नये, तो स्वतःच खड्डा खणतो. माल थेट मिलमधून आला, घडी कोणी मोडली नाही, खोकी त्याच्या देखरेखीखाली बंद झाली, असं सगळं त्याने सांगितलं आणि जबाबावर सही केली. मग मी फोटो पुढे सरकवला.

"शेठ, कोणत्या मिलमध्ये दादर पेरतात हो?"

"हमालांनी टाकली असेल."

"हमालांनी? प्रत्येक घडीत, हळदीच्या दोऱ्याने, दोन-दोन टाके घालून? मोठे हौशी हमाल ठेवलेत तुम्ही!"

कोपऱ्यातला हवालदार फिस्सकन हसला. शेठने कपाळ पुसलं, खुर्ची पुढे ओढली आणि हळूच म्हणाला, "साहेब, मिटवून टाकू ना." त्याच क्षणी मला कळलं, केस संपली.

मुनीम तर दम देताच बोलला. शेठने स्वतः एकही ब्लँकेट विकत घेतलं नव्हतं. गावाचाच माल स्वतःचा म्हणून संस्थेला विकला आणि ट्रक आलाच नाही म्हणून हात झटकले. टीप देणारा त्याचाच भाचा निघाला. एक घडी जरी उलगडून बघितली असती, तरी शेठ वाचला असता. पण दुसऱ्याच्या मालावर डल्ला मारणाऱ्या माणसाला घडी उलगडायला सवड नसते.

बंदरावर बाईच्या माणसांनी एकेक घडी उघडून पुरचुंड्या काढल्या आणि कंटेनर सुटला. संस्थेने कमी पडलेला माल दुसरीकडून मिळवून मागोमाग धाडला. बाईने मला फोनवर सांगितलं, "साहेब, पोचली." एवढंच. मला पुरेसं होतं.

ड्रायव्हरला न्यायालयात अहवाल देऊन सोडवलं. ठाण्याच्या दारात अक्का उभ्या होत्या. त्यांनी त्याच्यापुढे हात जोडले. तो म्हणाला, "अक्का, हात नको जोडू, मोठी शे तू." पण त्याने त्यांच्याकडे बघितलं नाही. मला ते योग्यच वाटलं. प्रत्येक माफी त्याच दिवशी पोचते असं नाही.

मग मी त्याला जीपमध्ये पुढे बसवलं, माझ्या शेजारी, आणि सभामंडपात नेलं. गाव जमवलं आणि मोठ्याने सांगितलं, "हा निर्दोष आहे. चोर पारोळ्यात सापडला." लोकांनी माना खाली घातल्या. काहींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या दृष्टीने काम झालं होतं. मी त्याला म्हणालो, "चल, तुला स्टँडवर सोडतो."

तो जागचा हलला नाही.

"साहेब, आठे सांगं, बेस झायं. पन माले धरं ते पिंपळनेरले. तठे कोन सांगी?"

आयुष्यभर मी गुन्हे उघडकीस आणले, शाबासक्या घेतल्या. पण अटक चारचौघांत होते आणि सुटका कागदावर, ही गोष्ट मला या माणसाने शिकवली. गुन्हेगार सापडला की पोलिसाचं काम संपत नाही. ज्याला नाहक धरलं, त्याचं नाव जिथे गेलं तिथे परत नेऊन पोचवावं लागतं. पुढे प्रत्येक ठाण्यात मी ही रीत पाळली.

त्याच्या बायकोला मागे बसवलं आणि जीप पिंपळनेरच्या रस्त्याला लावली. पोचलो तेव्हा बाजार भरलेला होता. ऐन गर्दीत, त्याच्या घरासमोर मी गाडी थांबवली, खाली उतरलो, डोक्यावरची टोपी नीट केली आणि त्याच्यासाठी माझ्या हाताने दार उघडलं.