युरोपातली मेंढरं

मी चौथी नापास. ते मी कधी लपवलं नाही, आणि त्याची लाजही धरली नाही. बायको मात्र सोनईजवळच्या आमच्या गावात प्राथमिक शाळेवर मास्तरीण. लग्नाला दहा वर्षं झाल्यावर तिनं घरी अभ्यास करून बी. ए. व्हायचं मनावर घेतलं. विषय इतिहास. सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराची ही गोष्ट. शेवटच्या वर्षाला मध्ययुगीन युरोपचा एक पेपर होता, आणि त्यातच ती एकदा आपटली होती. या खेपेला नाही सुटला तर पुस्तकं बांधून माळ्यावर टाकीन, असं ती म्हणाली होती. ती बोलते तसं करते, म्हणून मला घोर.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ती मोठ्यानं वाचायची आणि मी कडबा तोडता तोडता ऐकायचो. पोप आणि राजे यांची भांडणं माझ्या डोक्यावरून जायची. एके दिवशी शेती निघाली. तिथल्या गावची जमीन तीन भागांत. दोन पेरायचे, तिसरा पाळीपाळीनं मोकळा ठेवायचा. शिवाय जहागीरदाराच्या रानात कुळांनी फुकट राबायचं. मी कोयता खाली ठेवला.

"नुसती मोकळी कशी ठिवतील? मेंढरं बसवीत असतील की!"

आमच्याकडं पीक निघालं की धनगराला सांगून कळप रानात मुक्कामाला बसवतात. लेंड्या जमिनीत मुरतात आणि पुढच्या साली ज्वारी कशी डोक्याच्या वर जाते.

"पुस्तकात मेंढरं नाहीत," ती म्हणाली.

"पुस्तक लिवनाऱ्यानं नांगर धरलाय का कधी?"

"अहो, परीक्षा नांगराची नाही."

"तरी बी तू लिही. खतावाचून ती जमीन कवाच मेली असती. मी सांगतोय, लिही."

चार दिवस आमचा हाच वाद. मी एकदा बोललो की मागं हटत नाही. शेवटी कंटाळून ती म्हणाली, "बरं, बघते."

परीक्षा नगरला. मी बाहेर लिंबाखाली भाकरीचं फडकं घेऊन बसलेलो. ती आली आणि म्हणाली, "तोच प्रश्न आला. लिहिली तुमची मेंढरं. चांगलं अर्धं पान."

बोलताना मी वाघ होतो, पण आता ते कागदावर गेलं. पुण्याचा कुणी तपासणारा ते वाचून हसणार, तांबडी रेघ ओढणार, आणि माझ्या हट्टापायी पुस्तकं माळ्यावर जाणार. तोंडानं मात्र मी म्हणालो, "झ्याक केलं." त्यानंतर त्या पेपरचं मी नावच काढलं नाही.

मेच्या अखेरीला मला राहवेना. बैल बघून येतो असं सांगून मी नगरला गेलो आणि कॉलेजात शिरलो. सुट्टी होती, पण वाचनालयात इतिहासाचे एक प्राध्यापक बसलेले सापडले.

"साहेब, मेंढरांचं जरा इचारायचं हुतं."

"जनावरांचा दवाखाना पलीकडच्या गल्लीत आहे."

"आपली न्हाईत साहेब. युरोपातली. जुन्या काळातली."

त्यांनी चष्मा काढला आणि मला समोर बसवलं. सगळं ऐकून घेतलं, मग कपाटातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढून बराच वेळ पानं चाळली.

"बसवत होते," ते म्हणाले. "काही ठिकाणी तर कुळांनी आपली मेंढरं जहागीरदाराच्याच रानात बसवायची, अशी सक्ती होती."

"म्हंजे मेंढरं कुळाची आन् खत जहागीरदाराला?"

"अगदी बरोबर."

"लई हरामखोर हुता की हो!"

ते खो खो हसले. मला चहा पाजला. परत येताना एस्टीत उभं राहायला लागलं, तरी पाय दुखले नाहीत. बरोबर लिहिलेल्याला कोण कशाला नापास करील?

जूनमध्ये निकाल लागला. ती नगरहून आली आणि दारातच म्हणाली, "सुटला."

मी ओट्यावर बसलो. प्राध्यापकांनी हलका केलेला छातीवरचा धोंडा आता कुणी उचलूनच नेला म्हणा ना.

"चला, मेंढरं आडवी आली न्हाईत म्हनायचं," मी म्हणालो.

"कुठली मेंढरं? ती मी पेपर परत देण्याआधीच खोडली."

"खोडली? मग मला सांगितलं का न्हाईस?"

"तुम्ही विचारलंत कधी? विचारलंत की खरं सांगणार होते, मी रोज वाट बघत होते."

"आगं, पन खोडायची कशाला? बरोबर हुतं ते! जहागीरदार कुळाची मेंढरं आपल्या रानात बसवून घ्यायचा!"

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

आता काय लपवणार? नगरला गेल्याचं सांगितलं, दवाखान्याचंसुद्धा सांगितलं. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग पदरानं डोळे पुसत ती आत गेली, आपलं अभ्यासाचं पुस्तक घेऊन आली, शेतीचं पान काढलं आणि पेन्सिल हातात धरली.

"जहागीरदाराचं परत सांगा बरं."

मी सांगितलं; सावकाश, तिला समासात लिहून घेता येईल असं.