तानुबाईची हाळी

सिन्नरच्या पुढे गायरानावर एक वस्ती आहे. तिथल्या बायकांच्या टोळीची तानुबाई मुकादम. कांदा लागवडीच्या दिवसांत उजाडलं की ती दारात उभी राहून हाळी द्यायची, "चला गंऽऽ!" आणि घराघरांतून बाया डबा काखेत मारून बाहेर. कुणाचा पदर लोंबतोय, कुणाच्या तोंडात मिसरी तशीच.

"मावशीची हाळी आली की पाय आधी निघत्यात, डोकं मागनं येतं," छाया म्हणायची. टोळीत तीच सगळ्यांत तरुण आणि सगळ्यांत फटकळ.

यंदा त्या गायरानावर गोदामं बांधायचं ठरलं आणि वस्ती अतिक्रमणात निघाली. पाडापाडीच्या आदल्या संध्याकाळी सगळे बुद्धविहारात जमले. शेजारच्या गावातली रिकामी घरं एका दमात भुईसपाट झालेली त्यांनी पाहिली होती. जिथे माणसं आत बसून राहिली, तिथे मात्र मशीन थांबलं होतं. कोर्टाची स्थगिती दुपारपर्यंत मिळेल असं वकील म्हणत होते. तोवर कुणीही उंबरा ओलांडायचा नाही, असं ठरलं.

सकाळी पोलिसांच्या गाड्या आल्या, मागोमाग घरं पाडायचं मशीन. "मावशी, या बाहेर, सरकार चहा पाजतंय," एक शिपाई ओरडला.

"तूच पी, पोरा. जागरणानं डोळे सुजलेत तुझे," तानुबाई खिडकीतून म्हणाली. दोनचार घरांतून हसू ऐकू आलं.

तेवढ्यात तिला नाल्याच्या अंगाने दुसरं मशीन येताना दिसलं. ते थेट यशोदाबाईच्या मागच्या भिंतीकडे चाललं होतं. यशोदाबाईला कमी ऐकू येई आणि ती त्याच भिंतीला टेकून बसलेली असणार. तानुबाईचं भान सुटलं. ती दारात आली आणि पोटातून ओरडली, "चला गंऽऽ! म्हातारीला उठवा!"

पुढचे शब्द मशीनच्या घरघरीत विरले. पोचली ती फक्त रोजची हाळी.

दारं उघडली. बाया भराभरा बाहेर आल्या आणि अंगणात येऊन बावचळून उभ्या राहिल्या. पोलीस त्याच क्षणाची वाट पाहत होते. ते बाया आणि उंबरे यांच्या मधे घुसले. लाठ्या पाठीवर, पोटऱ्यांवर बसू लागल्या. शेजारच्या गेणूने यशोदाबाईला उचलून बाहेर काढलं आणि मागोमाग तिची भिंत बसली. छाया दोन्ही पोरांसकट अंगणातच होती; मग तिचं रिकामं घर गेलं, भांड्यांसकट.

"मावशे, काय केलंस गं हे!" छाया किंचाळली.

बाकीच्या बाया वाट मिळेल तशा घुसून पुन्हा घरात शिरल्या. कड्या लागल्या. तानुबाईच्या घरात तिची सून राखी तान्ह्या लेकराला घेऊन होती, तिनेही कडी घातली. तानुबाई तेवढी बाहेर राहिली, दोन महिला पोलिसांच्या हातात.

पोलिसांचे साहेब तिच्याजवळ आले. त्यांनी सगळं पाहिलं होतं. "बाई, तुमच्या शब्दाला मान आहे इथे. मघासारखी एकदा हाक मारा. कुणाला मार बसणार नाही."

तानुबाईने बंद दारांवरून नजर फिरवली.

"मारता का हाक?"

तिने नाही म्हणून मान हलवली. पहिली लाठी मांडीवर बसली. तिच्या घशाशी ओरडा आला आणि ती एकदम घाबरली. आपण नुसतं "आई गं" म्हणालो तरी बाया धावत येतील. तिने एक हात सोडवून पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि दातांनी दाबून धरला. लाठी पुन्हा बसली. डोळ्यांतून पाणी आलं, आवाज आला नाही. एकही कडी निघाली नाही.

"राहू द्या, साहेब," तिला धरलेली पोलीस बाई हळूच म्हणाली, "नाय ओरडायची ही."

दुपारी वकील स्थगितीचा कागद घेऊन पोचले. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि गाड्या वळल्या.

तानुबाई लंगडत आपल्या दाराशी आली. मागून छाया आली, दोन्ही पोरांना धरून. तानुबाईला तिच्याकडे बघवेना.

"तुझ्याकडं झोपायला येते," छाया म्हणाली. "दुसरं घर नाय मला आता."

तानुबाईने दार वाजवलं. आतून राखी म्हणाली, "कोण हाय? बोलल्याबिगर नाय उघडायची."

तानुबाईने घसा खाकरला. आवाज फाटका निघाला. "मी हाय गं. उघड. छायाला जागा कर."