जिन्यावर एकच तोंड

घरसामान हलवणाऱ्या त्या टोळीचा एक नियम होता. जिन्यावर बोलायचं ते फक्त मुकादमाने. ओझं हातात असताना चार तोंडं सुटली की पाय चुकतात. म्हणून एरवी ज्यांच्या जिभेला हाड नव्हतं असे गडीही पहिल्या पायरीला मुके होत. ऐकू यायचा तो एकच आवाज. "चला. जरा डावीकडे. वळण आलं."

पुष्कळ वर्षं हा आवाज थोरल्याचा होता. उतरताना सगळा भार खाली येतो, म्हणून खालची बाजू तो घ्यायचा आणि वरच्यांचे चेहरे बघत उलटा चालायचा. वाटेत ओझं टेकवणं त्याला माहीत नव्हतं. गेल्या वर्षी एक कपाट उतरवताना त्याच्या छातीत कळ आली. तो काही बोलला नाही. तळाला पोचल्यावर "ठेवा" म्हणाला, भिंतीला पाठ लावून बसला, तो उठलाच नाही.

"आधी ओझं टेकवलं, मग जीव," गडी अभिमानाने सांगत. "याला म्हणायचं मुकादम."

हे बोलणं निघालं की मधला उठून बाहेर जाई. टोळीत थोरल्यानंतर त्याचा मान, म्हणून तो मधला. त्या दिवशी कपाटाचं वरचं टोक त्याच्या हातात होतं. थोरल्याचा चेहरा पायरीपायरीने राखेसारखा होत गेलेला त्याने पाहिला होता. पाहिला, आणि नियम पाळला.

आता मुकादम तोच होता. वहिनींनी, म्हणजे थोरल्याच्या बायकोने, थोरल्याचा ओझं पेलायचा खांद्यावरचा पट्टा त्याच्या हातात ठेवला, त्या दिवसापासून मधल्याने "चला" म्हणायला तोंड उघडलं की आवाज थोरल्याचा निघे. तोच खर्ज, तेच शेवटी ओढणं.

"डोळे मिटले की वाटतं, थोरला रजेवरून आलाय," टोळीतला टिंगल्या म्हणायचा. बाकीचे हसत. मधल्याच्या अंगावर काटा येई. दुपारी डोळा लागला तरी तो पुटपुटे, आणि बायको हलवून विचारी, "अहो, घरात कोणाला चला म्हणताय? आणि हा आवाज कोणाचा?"

त्याला वाटे, हा आवाज एक दिवस आणखी कोणाला तरी घेऊन जाईल.

मग ते आरशाचं कपाट आलं. जिना अरुंद, कठडा हलणारा. वरच्या टोकाला पैलवान, टोळीतला सगळ्यात जुना गडी. खालून मधला चेहरे बघत उतरत होता. वळणाशी त्याला पैलवानाचे ओठ दिसले. त्यांचा रंग गेला होता. त्याच क्षणी घशातून ते खर्जातलं "च" वर आलं. मधल्याने दात आवळले.

"पैलवान, काय होतंय?"

आवाज चिरका निघाला, पण त्याचा स्वतःचा. जिन्यावर असं कोणी कोणाला विचारलं नव्हतं. पैलवानाने नुसती मान हलवली.

"टेकवा."

"इथं?" टिंगल्याच्या तोंडून निसटलं.

कपाट वळणावर टेकलं. वरून मालक ओरडले, "काय हो, जिन्यातच मुक्काम का?"

पैलवान धुसफुसला. "थोरल्याने कधी टेकवलं नव्हतं. म्हातारपणी माझी लाज काढतोस?"

"त्याला कोणी विचारलं नव्हतं, काका. मला वरून सगळं दिसत होतं."

पैलवान त्याच्याकडे बघत राहिला. मग कठड्याला धरून हळूच खाली बसला.

"छातीवर कोणी बसलंय असं वाटतंय," तो म्हणाला. "निघाल्यापासून."

टिंगल्या गाडी आणायला धावला. चौथा गडी पैलवानाच्या बगलेत हात घालून उभा राहिला. मधला त्यांच्या खालच्या पायरीवर गेला, तोंड पैलवानाकडे करून, आणि दर पायरीला विचारू लागला, "जमतंय?"

"जमतंय रे. कान किटले माझे," पैलवान म्हणाला. पुढच्या पायरीला पुन्हा प्रश्न आला आणि पुन्हा उत्तर आलं.

वर वळणावर, सोडलेल्या कपाटापाशी, कोणीतरी दमून टेकावं तसं लाकूड करकरलं. पैलवान वळून बघणार, तेवढ्यात मधला म्हणाला, "माझ्याकडे बघा, काका."