बंडूकाकांच्या डोळ्यात काय काय गेलं

गणपतीच्या कारखान्यात किस्से शाडूसारखे अंगाला चिकटतात, धुतले तरी नखात राहतात. आमच्या चिंचपोकळीच्या कारखान्यात यंदाचे सगळे किस्से एकाच माणसाच्या डोळ्यांचे.

बंडूकाका आमचे आखणीवाले. मूर्तीचे डोळे तेच काढणार, दुसऱ्या कुणाचा हातच वळत नाही. चतुर्थी दहा दिवसांवर, चाळीस मूर्ती आंधळ्या, आणि काकांचेच डोळे आले!

*

पहिल्या दिवशी मध. मी ओरडलो, "डोळ्यात काय पण घालू नका!"

"फार्मसी अर्धी सोडून इलंस. गप ऱ्हव!"

कॉलेज सोडलं, वाचणं नाही सोडलं. मधावर अभ्यास झालेत, पण निर्जंतुक केलेल्या मधावर. आमच्या बरणीत मुंगी पोहत होती.

"मुंगी इली म्हणजे मध शुद्ध!" काका म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी धने भिजवलेलं पाणी.

"पुरावा काय?" मी विचारलं.

"माझो बापूस ह्याच घाली. नव्वदीत सुयेत दोरो ओवायचो!"

"त्यांचे डोळे कधी आले होते?"

"नाय. कधीच नाय."

*

मग गुलाबपाणी, मग तूप. साधे आलेले डोळे बहुतेकदा आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात, आणि म्हातारे श्रेय धन्याच्या पाण्याला देतात! काकांचे बरे झाले नाहीत. पाचव्या दिवशी उजेड सहन होईना, ब्रश दोन दिसायला लागले. मी त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं.

"डोळ्यात काय काय घातलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

काकांनी यादी सांगितली.

"फोडणी राहिली," बाई म्हणाल्या. मग हसू आवरून, "अजून उशीर केला असतात तर नजर गेली असती."

परतताना काकांनी ड्रॉप्सची बाटली मुठीत घट्ट धरली होती.

*

ड्रॉप्सनी डोळा निवळला. शेवटच्या तीन दिवसांत काकांनी चाळीसच्या चाळीस मूर्तींना डोळे दिले. शेवटची मूर्ती शीवच्या एका घरची. दमलेल्या हाताने डोळ्याच्या कोपऱ्यातली लाली जरा जास्तच लागली. "चलता," म्हणाले, आणि मूर्ती गेली.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी त्या घरचा फोन. मी स्पीकरवर टाकला.

"अहो, बाप्पाचे डोळे लाल दिसले म्हणून आमच्या आजींनी कापसाने गुलाबपाणी लावलं. एक डोळा वाहून गेला!"

काकांनी माझ्या हातातून फोन हिसकावला.

"आजीक द्या फोन! ओ आजी, डोळ्यात काय पण घालतत? पुरावो काय तुमच्याकडे?"