गायधनी सरांचा खोडरबरांचा डबा

गायधनी सर गेल्याचा त्यांच्या घरून काकूंचा फोन आला तेव्हा मी गंगापूर रोडवरच्या एका अर्धवट बांधलेल्या घरात गवंड्याशी वाद घालत होते. फोन ठेवला आणि त्याला म्हटलं, "तुमचंच बरोबर आहे, तसंच करा." सर असते तर म्हणाले असते, "वसुधा, समोरच्याचं बरोबर आहे हे कळायला कुणी मरावं लागतं का?" जिन्यावर बसून मी रडले. त्याला आता सव्वा महिना होत आला.

नव्वदच्या दशकात मी आर्किटेक्चर शिकत होते, तेव्हा सरांनी शनिवारचा वर्ग सुरू केला. आर्किटेक्चरचे, इंजिनिअरिंगचे, शेतकीचे आणि समाजकार्याचे विद्यार्थी एकाच टेबलाभोवती. गट सर पाडायचे, आणि कुठल्याही गटात दोन आर्किटेक्ट नसायचे. "दोघं एकत्र आले की झाडंसुद्धा रांगेत उगवायला लावतात," म्हणायचे. पर्यावरणावरची भाषणं त्यांना सोसायची नाहीत. जे बांधाल ते जवळच्या सामानात व्हावं आणि वापरणाऱ्याला स्वतःच्या हातानं दुरुस्त करता यावं, एवढंच त्यांचं म्हणणं. कागदावर कुणीही पेन्सिलीनं शेरा मारायचा आणि त्यावर टेबलाशी भांडण व्हायचं, हा वर्गाचा रिवाज. भांडण रंगलं की सर खुशीत चहा सांगायचे... बिनसाखरेचा, जो फक्त त्यांनाच आवडायचा.

आमच्या गटाकडे लासलगावजवळच्या ताराबाईंच्या मळ्यात कांदा साठवायची चाळ बांधायचं काम आलं. शेतकीचा भाऊसाहेब गटात होता, मोजकं बोलायचा. मी चाळीला काळ्या दगडाचं भरीव जोतं काढलं. काय देखणं दिसत होतं! सरांच्या सहीसाठी कागद द्यायच्या सकाळी पाहिलं तर जोत्यावर भाऊसाहेबाचं वाकडंतिकडं अक्षर: 'खालून वारा कुठून येणार?' माझ्या स्वच्छ कागदावर तो शेरा मला डागासारखा वाटला. मी तो खोडला. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. सरांनी सही केली, चाळ बांधून झाली आणि ताराबाईंनी उन्हाळ कांदा भरला.

श्रावणात चाळ उघडली. लांबूनच वास आला... खालचा सगळा थर सडला होता. ताराबाईंनी एक कांदा दाबून पाहिला, हात पदराला पुसला आणि म्हणाल्या, "आमची जुनी चाळ लय वंगाळ दिसायची, पन तिच्यात वारा खेळायचा. कांद्याला बी दम घ्यायला लागतो, पोरी." सर पुढे झाले. "चूक माझी आहे, ताराबाई. सही माझी आहे." मग शर्टाच्या बाह्या सारून ते खाली बसले आणि संध्याकाळपर्यंत आमच्याबरोबर कांदा निवडत राहिले. तोंड उघडायची ती वेळ होती. मी मान खाली घालून निवडत राहिले. त्याच आठवड्यात सरांनी आम्हाला ते जोतं फोडायला लावलं आणि चाळ खांबांवर उचलून घेतली.

पुढच्या शनिवारी वर्गाच्या दारात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. "आजपासून खोडरबर यात टाकून आत या. दुसऱ्याचं पटलं नाही तर शेजारी लिहा." सगळे हसले. मीही हसले. पुढे मी दहा वर्षं त्याच वर्गात सरांच्या हाताखाली शिकवलं आणि दर शनिवारी तो डबा दारात मीच मांडला. किती वेळा वाटलं, आज सांगावं. पण सर इतक्या प्रेमानं "ये गं" म्हणायचे की उद्यावर ढकललं जायचं.

परवा काकूंनी तो डबा माझ्या हातात दिला. "तुलाच द्यायचा, असं केव्हाचं सांगून ठेवलं होतं त्यांनी." घरी येऊन डबा रिकामा केला. तळाशी घडी घातलेला कागदाचा तुकडा होता, माझ्या ड्रॉइंगचा कापून ठेवलेला कोपरा. त्यावर सरांनी पेन्सिल आडवी धरून हलकेच फिरवली होती आणि त्या करड्या रंगात खोडलेली अक्षरं पांढरी उमटली होती: 'खालून वारा कुठून येणार?'

तशीच उठले आणि भाऊसाहेबाला फोन लावला. किती वर्षांनी बोलत होतो आम्ही! म्हटलं, "भाऊसाहेब, तो शेरा मी खोडला होता."

तो म्हणाला, "ठाऊक हाय ना, ताई. आधी मला वाटलं, सरांनीच वाचून खोडला आसंल, म्हनून मी गप बसलो. कांदा सडल्यावर सरांना इचारलं. ते म्हनले, तिला काय बोलू नको. ती सांगंल आपनहून, आपन थांबू."

सर थांबले होते. दर शनिवारी "ये गं" म्हणत, इतकी वर्षं थांबले होते... आणि मी डबा मांडत राहिले.

शनिवारचा वर्ग आता मी घेते. या शनिवारी डबा पुन्हा वर्गाच्या दारात ठेवला. मुलं आत आली, खोडरबरं टाकून बसली. मी तो तुकडा टेबलाच्या मधोमध ठेवला आणि म्हटलं, "हे मी खोडलं होतं."