बेटभेंडीचा पराग

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि ज्यांना सांगायलाच हवं होतं त्या मॅडमना तर नाहीच. मग तुम्हाला का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आमचं गाव अंबड तालुक्यात, गोदावरीच्या काठाला. गावासमोर नदीत एक बेट आहे, खडक आणि बाभळी, बाकी काही नाही. दिवेलागणीनंतर तिकडं जायचं नाही असं आम्हाला लहानपणीच बजावलेलं. का, ते कुणी सांगत नसे. त्या बेटावर भेंडीच्या कुळातलं एक झुडूप होतं. फूल मात्र पांढरंशुभ्र, आणि उमलायचं ते सूर्य बुडताना. आम्ही त्याला बेटभेंडी म्हणायचो. अंबडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम आल्या आणि म्हणाल्या, हे झाड दुसरीकडं कुठंच सापडलेलं नाही. मोजकीच झुडपं उरलेली, तीही म्हातारी. फुलं यायची आणि गळून जायची. शेंग धरत नव्हती.

संध्याकाळी त्या फुलाकडं कुणीतरी यायला हवं होतं — लांब सोंडेचा एखादा पतंग. तो येईनासा झाला होता. मॅडमना जीव लागला होता त्या झाडाचा. त्यांनी मला पाळतीवर बसवलं.

"हात न्हाई लावायचा, सुमन. निस्तं बघायचं, कोन येऊन राह्यलंय ते."

मी गुळाच्या काहिलीत, त्या भल्यामोठ्या पसरट कढईत बसून नदी ओलांडायचे आणि बघत बसायचे. खरं सांगू? भीती वाटायची. वारा नसताना ती फुलं उघडायची, एकामागून एक, आणि सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. कुणाची तरी चाहूल लागल्यासारखी. मीही तिकडं बघायचे. तिकडं नुसतं पाणी असायचं.

आता माझ्या हातांचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या जिल्ह्यात बियाण्याचे प्लॉट फार. मादीच्या ओळीतली कळी उघडायची, तिचा स्वतःचा पराग चिमटीनं काढून टाकायचा आणि दुसऱ्या वाणाच्या नराचा लावायचा. याला आम्ही क्रॉसिंग म्हणतो. कळीला चुकून स्वतःचाच पराग लागला तर ते 'सेल्फ', आणि सेल्फ निघालं की प्लॉट बाद. मी परकर-पोलक्यात असल्यापासून हेच केलं. घरचा पराग घरात चालत नाही, हे माझ्या बोटांना डोक्याच्या आधी कळायचं. "सुमीच्या हाताला यश हाय," असं मुकादमीण सगळ्यांदेखत म्हणायची. मी फुगायचे. अजूनही ते आठवलं की फुगते — बघा कशी आहे मी.

मग मी काय केलं असेल?

काठावर पिवळी रानभेंडी तणासारखी माजते. तिचा पराग काडेपेटीत भरला. बेटावरच्या कळ्या उमलायच्या आत सोलल्या, त्यांचा पराग काढला आणि नदीत टाकला. सगळ्या झुडपांचा. रोज. फार नीटनेटकं काम केलं मी, एक कळी सोडली नाही. मग दिवस बुडताना रानभेंडीचा पराग लावला.

शेंगा धरल्या. मॅडम तिथंच खडकावर बसून रडल्या. "कोन आल्तं गं?" हात लावू नको म्हणाल्या होत्या ना त्या — आणि त्यांचा तो चेहरा. माझ्या तोंडून निघून गेलं, पतंग. तळहाताएवढा, राखाडी. पंखावर गुलाबी पट्टा. तो पट्टा कुठून आला, मला आजही सांगता येत नाही.

"लई बरं झालं बघ," मॅडम म्हणाल्या. "पुढल्या साली मी तुझ्याच हातानं करून घेणार होते. ह्या झुडपाचा पराग त्या झुडपाला. आता बिलकुल जरूरत न्हाई."

ह्याचा त्याला? म्हणजे बेटभेंडीचाच बेटभेंडीला? तोच तर मी सगळा नदीत टाकला होता. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

पण माझा गुन्हा हा नाही. चूक कुणाकडूनही होते. मॅडमनी ते बी खडकाच्या माथ्यावर लावलं. झुडपं खांद्याएवढी झाली, फुलं मोठमोठी — आणि प्रत्येक फुलाच्या घशात रानभेंडीचा जांभळा डाग. मॅडम म्हणाल्या, जोमदार आलंय. जुनी दोन झुडपं तेव्हा जिवंत होती. खाली, पाण्याजवळ, फुललेली; एकाचा पराग दुसऱ्याला लावता आला असता. एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं — मॅडम, हा माझा हात होता. सगळा हंगाम ते वाक्य तोंडात धरून मी त्यांच्या शेजारी बसले. मी भ्याले. त्या मला दूर करतील म्हणून भ्याले. पावसाळ्यात वरच्या धरणातून पाणी सोडलं आणि ती दोन्ही गेली.

बेट आता फुलांनी भरलंय. शेंगा टरारून फुगतात, आणि एखादी फोडली की आत काही नाही. नुसता पांढरा, भुसभुशीत भेंडा. दोन जातींची मिसळ ती, वांझ निघाली. एका संध्याकाळी मॅडमनी तिथं माझं मनगट गच्च धरलं. "आला! तो बघ, गुलाबी पट्टा." त्या दाखवत होत्या तिथं काहीच नव्हतं. पण फूल हललं. वारा नव्हता.

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. माझं कपाळ अजून शाबूत आहे. डोळे गेले ते मॅडमचे, साखरेच्या आजारानं. आता मी अंबडला त्यांच्याच घरी स्वयंपाकाला जाते. अंगणात कुंडीत बेटावरच्या त्या नव्या झुडपांतलंच एक आहे. त्या रोज संध्याकाळी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसतात.

काल त्यांनी विचारलं, "बी भरलं का गं?"

मी शेंग फोडली. रिकामी. मग आत गेले, भाजीसाठी आणलेल्यातली एक जून भेंडी चिरली आणि तिचं बी त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी अंगठ्यानं चाचपलं. मूठ मिटून छातीशी धरली.

"मी गेल्यावर बेटावर टाकशील?"

"टाकीन."

दिवस बुडाला. कुंडीतली फुलं उघडली, तोंडं एकाच बाजूला करून. मॅडम कान देऊन बसल्या होत्या.

"आला का गं?"

मी फुलांकडं पाहिलंसुद्धा नाही.

"आला, मॅडम."